वीकेंडला कुठे? भूमला!

शुक्रवारी रात्री पुण्याहून भूमकडे जाणारी एसटी एकदा बघाच. फुल्ल! उभं राहायला जागा नसते. पण त्या गाडीत टूरिस्ट म्हणून कुणी नसतं. हिंजवडीत कोडिंग करणारे, चाकणला शिफ्ट मारणारे, सदाशिव पेठेत रूम घेऊन एमपीएससीचा अभ्यास करणारे, सगळे गावी निघालेले. रविवारी रात्री हीच मंडळी डोळे चोळत परत. भूम म्हणजे माणसं जिथून येतात ते गाव. तिथं फिरायला म्हणून जायचं असतं, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

माझी रूममेट भूमची. चार वर्षं एका फ्लॅटमध्ये राहतोय, एका कुकरमध्ये भात लावतोय, पण 'चल आमच्या गावाला' असं तिनं कधी म्हटलं नव्हतं. मीच मागे लागले. "अगं काय बघशील तिथं? एक स्टँड, दोन हॉटेलं," ती म्हणाली. तरी गेले. आणि आता सांगते, दोन दिवस कमी पडले.

आधी थोडा भूगोल. भूम हा धाराशिव जिल्ह्यातला (२०२३ पर्यंत ज्याला आपण उस्मानाबाद म्हणायचो) एक तालुका. पुण्याहून सोलापूर रस्त्यानं टेंभुर्णीपर्यंत जायचं, मग कुर्डुवाडी, बार्शी, भूम. सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास धरून चाला. बालाघाटच्या डोंगररांगा, उघडेबोडके माळ, मधूनच एखादा हिरवा पट्टा. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे बोलण्यात, खाण्यात आणि घरांच्या बांधणीत पश्चिम महाराष्ट्रापेक्षा वेगळी झाक लगेच जाणवते. 'करतोय' नाही, 'करायलोय'. 'येतायत' नाही, 'यायलेत'. दुसऱ्या दिवशी मीही 'काय करायलीस?' विचारायला लागले होते.

गावात फार काही नाही, यात रूममेट खरं बोलत होती. बाणगंगा नदी पावसाळ्यापुरती नदी असते. गावालगत आलमप्रभूचं देवस्थान आहे. नाव ऐकून मी चमकले. अल्लमप्रभू म्हणजे बाराव्या शतकातले थोर शरण, बसवेश्वरांच्या अनुभवमंटपाचे प्रमुख. त्यांचं कल्याण, म्हणजे आजचं बसवकल्याण, इथून पूर्वेला सीमेपलीकडे. भाषेची सीमा आपण नंतर आखली, श्रद्धेनं ती कधी मनावर घेतली नाही. संध्याकाळी इथं मस्त वारा असतो. जरूर जा. पण तेवढ्यासाठी भूमला येऊ नका. या, ते खव्यासाठी!

भट्टीवरची सकाळ

रूममेटच्या वडिलांची, आण्णांची, खव्याची भट्टी आहे. सकाळी सहाला किटल्या घेऊन माणसं येतात. दूध मोजलं जातं, वहीत नोंद होते आणि भलीमोठी लोखंडी कढई चुलाणावर चढते. मग सुरू होतं ते न थांबता ढवळणं. हात थांबला की दूध तळाला लागलं, आणि लागलं की घाणा वाया. दूध उकळतं, आटतं, रवाळ होतं, कढईच्या कडा सोडायला लागतं, आणि शेवटी त्याचा पांढरट-पिवळसर गोळा होतो. म्हशीचं साधारण पाच लिटर दूध जातं तेव्हा किलोभर खवा निघतो. आण्णा एका हातानं ढवळत दुसऱ्या हातानं फोनवर भाव विचारत होते. मल्टिटास्किंग काय असतं ते आमच्या मॅनेजरनं इथे येऊन शिकावं.

आणि वास! मी ऑनसाइटला सहा महिने इंग्लंडमध्ये यॉर्कला होते. तिथे यॉर्विक वायकिंग सेंटर नावाचं एक आकर्षण आहे, १९८४ साली सुरू झालेलं. हजार वर्षांपूर्वीच्या गल्लीची प्रतिकृती केलीय आणि तिथे त्या काळचा वासही मुद्दाम तयार करून सोडतात. लोक रांग लावून, तिकीट काढून तो हुंगतात. मीही हुंगलाय. भूमच्या भट्टीवरचा आटत्या दुधाचा आणि जळत्या लाकडांचा वास त्याच्यापुढे काय सांगू... आणि फुकट!

पण खवा इथंच का? कारण साधं आहे. डोंगराळ भाग, पाऊस बेभरवशाचा, शेतीपेक्षा जनावरांवर जास्त भिस्त. दूध भरपूर, पण मोठी शहरं लांब. दूध उन्हात नासतं. आटवून खवा केला की तो टिकतो, कमी जागेत मावतो आणि रात्रीच्या गाडीनं लांब जातो. म्हणून गावोगावी भट्ट्या उभ्या राहिल्या. इथला खवा पुण्या-मुंबईला जातो, हैदराबादला जातो. तुम्ही दिवाळीत मोठ्या नावाच्या दुकानातून जो गुलाबजाम आणता, त्यात भूम असण्याची शक्यता चांगलीच आहे. फक्त बॉक्सवर ते लिहिलेलं नसतं. आता 'कुंथलगिरीचा खवा' म्हणून भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यामुळे निदान नाव तरी कागदावर आलं.

आण्णांना मी विचारलं, हे पुढं कोण चालवणार? रूममेटचा धाकटा भाऊ बारावी झालाय. आण्णा कढईवरची नजर न काढता म्हणाले, "ह्याला कशाला लावू बाई भट्टीवर? धुरानं माझे डोळे गेले तेवढे बास हायेत. दिवाळीच्या टायमाला भेसळीच्या बातम्या येतात अन् भाव आमचा पडतो. लाकूड महाग, सरकी महाग." भाऊ तिथंच किटल्या धूत होता. त्यानं मान वर केली नाही. काकू म्हणाल्या, "त्याला वाटतंय ना करावं. गॅसवरची, मशीनवरची भट्टी टाकतो म्हणायलाय." यावर आण्णा काही बोलले नाहीत. गरम खव्याचा एक गोळा माझ्या हातावर ठेवला, वर चिमूटभर साखर. यापेक्षा चांगला ब्रेकफास्ट मी अजून केलेला नाही.

एका राज्याची राजधानी

शनिवारी दुपारी आम्ही परंड्याला गेलो. भूमहून तासाभराचा रस्ता. गाडी भाऊच चालवत होता.

परंड्याचा किल्ला भुईकोट आहे, म्हणजे चढण वगैरे काही नाही. जिम बंद पडलेल्यांनाही जमेल. सपाट गावात अचानक समोर प्रचंड तट उभा राहतो. भोवती रुंद खंदक, आत दुहेरी तटबंदी, २६ बुरूज. वळणावळणाच्या दारातून आत शिरलं की बाहेरच्या रिक्षांचे हॉर्न एकदम बंद. हा किल्ला बहामनी राज्याचा वजीर महमूद गवान यानं पंधराव्या शतकात बांधला असं सांगतात. आत मशीद आहे, तिचे खांब सरळसरळ जुन्या देवळाचे. नरसिंहाचं मंदिर आहे, खोल विहीर आहे, आणि बुरुजांवर तोफा. उघड्यावर, पावसात, काहींवर अजून नक्षी शाबूत. हात लावला तर दुपारच्या उन्हानं पोळतो.

आता जरा इतिहास, कारण त्याशिवाय मजा नाही. ऑगस्ट १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतलं. चाँदबिबी मारली गेली, लहानगा निजामशहा कैद होऊन ग्वाल्हेरला गेला. सगळ्यांना वाटलं, निजामशाही संपली. पण हबशी गुलाम म्हणून हिंदुस्थानात आलेल्या मलिक अंबर नावाच्या सरदाराला ते मान्य नव्हतं. त्यानं निजामशाही घराण्यातलाच एक मुलगा शोधला, त्याला आपली मुलगी दिली, आणि दुसरा मुर्तजा निजामशहा म्हणून गादीवर बसवलं. ती गादी कुठे होती? या परंड्यात! मोगल बादशहा अकबराच्या नाकावर टिच्चून काही वर्षं एक राज्य इथून चाललं. पुढं मलिक अंबरनं राजधानी जुन्नरकडे हलवली. औरंगाबादची मूळ खडकी वसवणारा तो हाच. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, त्याची नहर दाखवायला गाइड असतात. परंड्यात त्याचं नाव सांगायलाही कुणी नव्हतं. एक सांगणारा होता, रूममेटचा भाऊ. शाळेच्या सहलीत पाठ केलेलं सगळं त्याला अजून येत होतं.

खरी गोष्ट पुढेच आहे. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ तुम्ही ऐकली असेल. सिंहाच्या जबड्याचं तोंड, त्यात चिरडला जाणारा हत्ती, पंचावन्न टनांच्या आसपासचं वजन. ती विजापूरची नाहीच! १५४९ साली अहमदनगरला मुहम्मद बिन हसन रूमी या तुर्की कारागिरानं ती ओतली आणि पुढं ती परंड्याच्या किल्ल्यात होती. १६३२ च्या सुमारास परंडा आदिलशाहीकडे गेला तेव्हा मुरार जगदेवानं ती विजापूरला हलवली. चारशे बैल, दहा हत्ती आणि शेकडो माणसं लागली असं सांगतात. तिच्या जोडीची आणखी एक तोफ होती, कडक बिजली, ती वाटेत नदीत बुडाली अशी दंतकथा आहे. मी बुरुजावर बसून नुसती कल्पना केली. उन्हाळ्यातला हा रस्ता, चारशे बैलांची धूळ, आणि गावातले लोक तटावर उभं राहून आपली तोफ जाताना बघतायत.

पुढं तर गंमतच. इंग्रजी अमदानीत, १८५४ साली, ही तोफ लिलावात अवघ्या दीडशे रुपयांना गेली होती. नंतर कुणाला तरी शहाणपण सुचलं आणि विक्री रद्द झाली. आज लोक विजापूरला, म्हणजे विजयपुरला, जातात, बुर्ज-ए-शर्जावर चढतात, तोफेसोबत सेल्फी काढतात. तोफ गेली आणि टूरिस्टही तिच्या मागोमाग गेले. खवा, तोफ, पोरं... या भागातलं चांगलं ते सगळं दुसरीकडे जाऊन नाव काढतं.

परंड्यानं पुढंही बरंच पाहिलं. १६३४ मध्ये शहजादा शुजा आणि महाबतखान एवढं मोठं मोगल सैन्य घेऊन आले आणि वेढा उठवून हात हलवत परत गेले. नंतर १६६० मध्ये शाइस्तेखानानं हाच किल्ला किल्लेदाराशी बोलणी करून मिळवला. तोफांनी जे जमलं नाही ते आमिषानं जमलं. हो, तोच शाइस्तेखान, ज्याची बोटं पुढं लाल महालात गेली.

यॉर्कला जुन्या तटबंदीवरून जवळपास साडेतीन किलोमीटर चालता येतं. तिथं जागोजागी पाट्या आहेत, रात्री दारं बंद करतात, खाली कॉफी मिळते. परंड्याला तटावर बाभळी आहेत, गवत आहे आणि रील काढणारी तीन पोरं. मी रडगाणं गात नाहीये. उलट, एवढा मोठा किल्ला आख्खा तुमचा, कुणी ढकलत नाही, कुणी 'मॅडम फोटो?' म्हणत नाही. फक्त पाणी सोबत न्या, बूट घाला, आणि विहिरीच्या कठड्यावर बसून पोज देऊ नका, प्लीज.

परंडा तालुक्यातलंच सोनारी हे काळभैरवनाथाचं गाव. देऊळ छान आहे, चैत्रात मोठी यात्रा भरते. पण खरं राज्य माकडांचं! रूममेटच्या हातातलं केळं कधी गेलं ते तिला कळलंच नाही. डोमगावला कल्याणस्वामींची समाधी आहे. समर्थ रामदासांनी सांगितलं आणि यांनी लिहून घेतलं, ते हे कल्याण. त्यांच्या हातची दासबोधाची प्रत डोमगावच्या मठानं सांभाळली. अंधार पडला म्हणून ते राहिलं. पुढच्या वेळी.

डोंगरावर उपास, पायथ्याला पेढा

रविवारी कुंथलगिरी. भूम तालुक्यातच आहे. दिगंबर जैनांचं सिद्धक्षेत्र. देशभूषण आणि कुलभूषण या दोन मुनींना इथे मोक्ष मिळाला अशी श्रद्धा आहे. जैन रामकथेत वनवासातले राम-लक्ष्मण या मुनींवरचं संकट दूर करतात. टेकडीवर पांढरी देवळं, स्वच्छ पायऱ्या, आणि शांतता. मोबाइल आपोआप सायलेंटवर टाकावासा वाटतो.

इथंच १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली. अन्न सोडून, मग पाणीही कमी करत, ३६ दिवस. १८ सप्टेंबरला त्यांनी देह ठेवला. देशभरातून लोक या टेकडीवर लोटले होते. त्या उपासातच त्यांनी केलेला शेवटचा उपदेश ध्वनिमुद्रित आहे, आणि तो मराठीत आहे. सल्लेखनेबद्दल तुमचं-माझं मत काहीही असो, त्या जागी उभं राहिल्यावर वाद घालावासा वाटत नाही.

आणि खाली उतरलात की? पेढ्याची दुकानं! ज्या टेकडीवर एका माणसानं अन्न सोडलं, तिच्या पायथ्याच्या गोड पदार्थानं सगळ्या परिसराचं नाव केलंय. कुंथलगिरीचा पेढा तपकिरी, भाजलेल्या खव्याचा, साखर बेताची. सोलापूर-धुळे महामार्गावर या नावाच्या पाट्या लांबूनच दिसायला लागतात. भाऊ एका दुकानात पेढा न खाता नुसता चुरून बघत होता. "आमच्यात असा खवा मारतात तर आण्णा ओरडलं असतं," म्हणाला. हा मुलगा पुण्याला डिप्लोमा करणार म्हणे!

महामार्गानं दक्षिणेकडे निघालो की तेरखेडा लागतं, फटाक्यांचं गाव. मग येरमाळ्याची येडेश्वरी, आणि मग येडशीचं रामलिंग. दरीत महादेवाचं देऊळ, रावणाशी लढून पडलेला जटायू इथलाच अशी कथा, पावसाळ्यात धबधबा. भोवतीचं अभयारण्य जेमतेम २२ चौरस किलोमीटरचं. या एवढ्याशा जंगलात डिसेंबर २०२४ मध्ये कॅमेऱ्यात चक्क वाघ दिसला! यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून चारशेहून अधिक किलोमीटर चालत आलेला. वाटेत शेतं, रस्ते, रेल्वे, गावं. सगळे इथून जातात, हा एकटा इथं आला. भाऊनं तेव्हाचे व्हिडिओ फोनमध्ये जपून ठेवलेत. शेतकऱ्यांची वासरं गेली तेव्हा लोक घाबरले होते, तेही त्यानं सांगितलं. पण सांगताना आवाजात थोडा अभिमान होताच.

शेवटचा स्टॉप तेर. गोरोबाकाकांचं, म्हणजे संत गोरा कुंभारांचं गाव. थापटणं घेऊन त्यांनी संतांची डोकी वाजवून बघितली आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ती गोष्ट इथलीच. पण तेर त्याहून कितीतरी जुनं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर असलेलं फार मोठं शहर म्हणून 'तगर' येतं, ते हेच. इथलं कापड गाड्यांवर लादून भडोचला जायचं आणि तिथून जहाजानं पश्चिमेला. त्रिविक्रमाचं देऊळ बघाच. मागची बाजू अर्धगोल, विटांची, मूळची बौद्ध चैत्याची. महाराष्ट्रातल्या सर्वात जुन्या उभ्या वास्तूंपैकी ही एक, आणि आत आजही रोज पूजा होते. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंतून उभं राहिलेलं संग्रहालयही इथं आहे. तेरला मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीत, ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत १९३८ साली सापडलेल्या मूर्तीशी इतकी मिळतीजुळती आहे की अभ्यासक अजून त्यावर लिहितात. पॉम्पेईची मूर्ती नेपल्सच्या संग्रहालयात मानानं उभी आहे. तिला बघायला किती जण जातात, विचारू नका.

जायचं असेल तर ऑगस्ट ते जानेवारी हा काळ बरा. उन्हाळ्यात माळ अक्षरशः तापतात. स्वतःची गाडी असेल तर उत्तम, कारण परंडा, कुंथलगिरी आणि तेर एकाच वीकेंडला करायचे तर एसटीच्या वेळा जुळवताना दमछाक होते. राहायची सोय भूमपेक्षा बार्शीला किंवा धाराशिवला चांगली मिळेल. जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि झेपत असेल तर काळ्या मसाल्याचं मटण. तेरचं संग्रहालय उघडं आहे का ते आधी विचारून घ्या. आणि खवा घ्याल तर निघायच्या दिवशीच, सकाळी, भट्टीवरूनच घ्या. स्टीलच्या डब्यात भरा, प्लॅस्टिकमध्ये त्याला पाणी सुटतं. घरी पोचल्यावर आधी खवा फ्रिजमध्ये, मग अंघोळ. आमच्या फ्लॅटवर सोमवारी रात्री गुलाबजाम झाले. भाऊनं व्हिडिओ कॉलवर पाक बघितला आणि म्हणाला, "पातळ झालाय, अजून पाच मिनिटं ठेवा."